चौकाची चतुःसीमा इंग्रजीत कशी सांगावी

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस कोणाचे शेत, दक्षिणेस कोणता ओढा, पश्चिमेस कोणता रस्ता, उत्तरेस कोणाचा बांध, हे त्यात एकेक करून नमूद केलेले असते. खेड्यातील मुलांना उगवत व मावळत निराळी शिकवावी लागत नाही. इंग्रजीत स्थळवर्णन शिकविताना शिक्षकांनी या ज्ञानापासून आरंभ करावा.

इंग्रजीतील ‘स्क्वेअर’ या शब्दाचे दोन अर्थ मुलांना प्रथम सांगावेत. एक भूमितीतील चौरस. दुसरा इमारतींनी वेढलेली गावातील मोकळी जागा, म्हणजे चौक. त्यामुळे फळ्यावर काढलेला चौरस हाच चौकाचा नकाशा होऊ शकतो.

अडचण पुढे येते. ‘चौकाच्या उत्तरेला देऊळ आहे’ या मराठी वाक्यावरून देऊळ चौकाला लागून आहे की चौक सोडून पलीकडे आहे, हे कळत नाही. इंग्रजीत हा भेद शब्दांतच करतात. कडेला लागून असेल तर ‘ऑन द नॉर्थ साइड ऑफ द स्क्वेअर’; पलीकडे असेल तर सामान्यतः ‘टु द नॉर्थ ऑफ द स्क्वेअर’. पत्ता सांगताना कडेच्या इमारतीलाही ‘इन द स्क्वेअर’ म्हणतात. परंतु तेवढ्यावरून तिची बाजू कळत नाही.

लंडनमधील ट्रफाल्गर स्क्वेअर हे याचे चांगले उदाहरण होय. सन 1805 च्या आरमारी लढाईवरून त्यास हे नाव पडले. चौकात नेल्सनचा स्तंभ आहे. उत्तरेच्या कडेने नॅशनल गॅलरीची लांब इमारत पसरली आहे. ती 1838 साली खुली झाली. पूर्वेच्या बाजूस साऊथ आफ्रिका हाऊस व पश्चिमेच्या बाजूस कॅनडा हाऊस आहे. ईशान्य कोपऱ्यावर सेंट मार्टिन यांचे चर्च आहे; ते 1726 साली पूर्ण झाले. दक्षिणेकडे व्हाइटहॉल हा रस्ता निघतो.

येथे आणखी दोन शब्द शिकवावेत. गॅलरीसारखी लांबवर पसरलेली वस्तू, किंवा झाडांची रांग, कडेने जाते तेव्हा ‘अलाँग’ म्हणावे. एकट्या झाडाला तो शब्द लावू नये. कोपऱ्याविषयी मराठीचेच साहाय्य घ्यावे. खोलीच्या ‘कोपऱ्यात’ कपाट असते, रस्त्याच्या ‘कोपऱ्यावर’ दुकान असते. त्याचप्रमाणे पहिल्यास ‘इन द कॉर्नर’, दुसऱ्यास ‘अ‍ॅट द कॉर्नर’. चर्चसाठी दुसरा प्रयोग योग्य होय.

‘डावीकडे’ व ‘उजवीकडे’ हे शब्द मात्र आरंभी देऊ नयेत. गॅलरीच्या पायऱ्यांवर स्तंभाकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसास साऊथ आफ्रिका हाऊस डावीकडे दिसते. स्तंभाजवळ गॅलरीकडे तोंड करून उभ्या असलेल्यास तीच इमारत उजवीकडे दिसते. दोघेही खरे सांगतात, पण ऐकणारा गोंधळतो. दिशा उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून नसतात. म्हणून आधी दिशा पक्क्या कराव्यात.

प्रत्यक्ष पाठ अंगणात घ्यावा. चुन्याने मोठा चौरस आखावा. चार मुलांना चार बाजूंवर, एकास मध्यभागी, एकास कोपऱ्यावर व एकास उत्तरेस बरेच दूर उभे करावे. पूर्वेपासून आरंभ करून दक्षिण, पश्चिम, उत्तर या क्रमाने प्रत्येकाविषयी वाक्य म्हणवून घ्यावे. क्रम ठरलेला असला म्हणजे एकही बाजू सुटत नाही. नंतर गावच्या चौकाकडे वळावे: ‘देअर इज अ टेंपल ऑन द ईस्ट साइड ऑफ द स्क्वेअर.’ शब्दयोगी अव्ययांची यादी पाठ करविण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

शेवटी परीक्षा घ्यावी. एका मुलाने चौकाचे चित्र लपवून धरावे व इंग्रजीत वर्णन करावे. दुसऱ्याने ते ऐकून पाटीवर नकाशा काढावा. मग दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. देऊळ भलत्याच जागी गेले असेल, तर कोणत्या शब्दाने ते तेथे नेले, हे मुलांनीच शोधावे. खरेदीखतातील एक शब्द चुकला तर बांधावर तंटा उभा राहतो, हे ज्या घरांत ठाऊक आहे तेथील मुलांना लहान शब्दाचे मोल निराळे पटवून द्यावे लागणार नाही.