घरगुती टाकीत फायटर माशाची पैदास

बेटा हा मासा पुण्याच्या बाजारात ‘फायटर’ या नावाने विकला जातो. तो मूळचा थायलंडकडील भातखाचरांतील व दलदलींतील उथळ पाण्याचा रहिवासी होय. २०१९ साली थायलंडने त्यास राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. कल्ल्यांखेरीज हवेतून प्राणवायू घेणारे एक इंद्रिय त्याच्या डोक्यात असते. त्यामुळे हवेच्या पंपाविना तो जगू शकतो, व म्हणूनच त्याची पैदास अगदी सोपी आहे असा समज रूढ झाला आहे. जोडी लावणे खरोखरच सोपे असते. नुकसान होते ते पिल्ले निघाल्यानंतर.

याकरिता जोडी लावण्यापूर्वी आठवडाभर पिल्लांच्या अन्नाची सोय करावी. जुन्या टाकीतील पाणी बरणीत घेऊन त्यात कोबीचे पान अथवा केळ्याची साल टाकावी. पाणी प्रथम गढूळ होऊन त्यास दुर्गंधी येते. पुढे ते निवळते व त्यात सूक्ष्म जीवांचे पांढुरके ढग दिसू लागतात. पिल्लांचे पहिले खाद्य तेच. बरणीच्या तोंडाला पातळ फडके बांधणे आवश्यक आहे. नाहीतर डासांची पैदास होईल.

नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी चोवीस तास पसरट भांड्यात ठेवून वापरावे. टाकीत पाण्याची उंची १० ते १५ सेंटिमीटर व तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस असावे. देशी बदामाचे वाळलेले पान पाण्यावर सोडल्यास नर त्याच्या आश्रयाने बुडबुड्यांचे घरटे बांधतो. मादी प्रथम कंदिलाच्या काचेत ठेवून नरास दाखवावी व घरटे तयार झाल्यावर मोकळी सोडावी. खाली पडणारी अंडी नर तोंडाने उचलून घरट्यात ठेवतो. अंडी घालून होताच मादी बाहेर काढावी, अन्यथा नर तिला जखमी करतो. साधारणतः दीड दिवसात अंडी फुटतात. पुढे दोन-तीन दिवसांनी पिल्ले आडवी पोहू लागली, की नरासही हलवावे.

सूक्ष्म जीवांवर काही दिवस काढल्यावर पिल्लांना आर्टेमियाची नुकतीच निघालेली पिल्ले द्यावीत. हवा घेणारे इंद्रिय तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागते. या काळात पाण्यावरील हवा थंड असल्यास पिल्ले दगावतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो; तेव्हा पाणी तापविण्याच्या उपकरणाबरोबरच टाकीवर काचेचे झाकणही हवे. नवख्याने हिवाळ्यात जोडी लावूच नये, हे बरे.

खरा हिशेब दोन-तीन महिन्यांनंतर द्यावा लागतो. नर एकमेकांवर तुटून पडू लागतात व प्रत्येकास स्वतंत्र बरणी लागते. शंभर पिल्ले वाचली व त्यांत पन्नास नर निघाले असे धरू. दोन लिटरच्या पन्नास बरण्यांतील निम्मे पाणी आठवड्यातून दोनदा बदलावयाचे, म्हणजे आठवड्यास १०० लिटर पाणी झाले. उन्हाळ्यात नळाला पाणीकपात असताना हे जड जाते. म्हणून दुकानदाराशी आधी बोलणी करूनच जोडी लावावी. हौसेपुढे जाऊन व्यवसाय करावयाचा असल्यास जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे चौकशी करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यात आला.

न खपलेले मासे विहिरीत वा नदीत सोडू नयेत. मुळा-मुठेत बाहेरून आलेला तिलापिया आधीच ठाण मांडून आहे. असे मासे परिचितांस द्यावेत अथवा दुकानदारास परत करावेत.