रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सोडलेली गोळी

स्टॅटिन गटातील औषधे यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराचे काम मंदावतात. घरची निर्मिती घटली की यकृत रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, अधिक प्रमाणात ओढून घेते आणि रक्तातली पातळी उतरते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांना 1970च्या दशकात एका बुरशीत या गटातला पहिला पदार्थ सापडला. लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत 1987 साली मान्यता मिळाली. भारतात आज बहुतेक चिठ्ठ्यांवर अटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असते.

गोळीचा गुण चार ते सहा आठवड्यांत लिपिड प्रोफाइलमध्ये दिसतो, आणि बरेच रुग्ण फसतात ते इथेच. रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला, असे म्हणत ती परस्पर बंद होते. आकडा उतरलेला असतो तो गोळीमुळे; ती थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा जुन्या जागी जातो. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत-खुपत नाही, त्यामुळे चूक कळते ती पुढच्या तपासणीत, नाहीतर थेट छातीत कळ आल्यावर. शिवाय हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला लॅबच्या कागदावरचे ‘नॉर्मल’ पुरत नाही. त्याचे एलडीएल साधारण 55 मिग्रॅ/डेसिलीटरच्या खाली ठेवायचे असते.

गोळी सुटण्याचे दुसरे कारण अंगदुखी. ब्रिटनमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्यांना कधी खरी, कधी औषध नसलेली गोळी दिली गेली. त्रासाचा सुमारे 90 टक्के भाग औषध नसलेल्या गोळीवरही जाणवला. म्हणून दुखणे खोटे ठरत नाही, पण दोष दर वेळी औषधाचा नसतो. मात्र स्नायू तीव्र दुखत असतील, अंगात बळ उरले नसेल किंवा लघवी गडद होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. एरवीच्या दुखण्यात डोस घटवणे, दुसरे स्टॅटिन देणे किंवा एझेटिमाइब या वेगळ्या औषधाची जोड देणे, असे मार्ग असतात.

स्टॅटिनमुळे रक्तातली साखर किंचित वाढू शकते. ज्यांना हृदयाचा धोका अधिक, त्यांच्यासाठी फायदा तरीही मोठा ठरतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक काही स्टॅटिनांचे रक्तातले प्रमाण वाढवते. तेव्हा कोणत्याही दवाखान्यात चालू गोळीचे नाव आधी सांगावे, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांशी त्याआधीच बोलून घ्यावे.