एकमेकांसाठी थांबा

शास्त्रपाठ : १ करिंथ १:१-९, ११:१७-३४

पवित्रीकरण म्हटले की आपल्या मनात एकांतात गुडघे टेकलेला एखादा भक्त उभा राहतो. हे चित्र खोटे नाही; पण ते अपुरे आहे.

करिंथ शहरात पौल दीड वर्ष राहिला होता (प्रेषित १८:११). तेथील माणसे त्याच्या चांगल्या परिचयाची होती. पुढे इफिसहून त्याने त्यांना पत्र लिहिले, तेव्हा मंडळीत तट पडले होते आणि भाऊ भावाला न्यायासनापुढे खेचत होता. तरीही आरंभीच तो त्यांना ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले असे संबोधतो. हे कसे? पवित्र म्हणजे देवाने स्वतःसाठी वेगळे केलेले. लेकरू जन्मल्या दिवसापासून घरचेच असते. घरची रीत मात्र त्याला हळूहळू येते. तसेच नाते देव प्रथम देतो; त्या नात्याला शोभेल असे वागणे आपण जन्मभर शिकतो.

ही रीत शिकावयाची कोठे? 'पवित्र जन' हा शब्द पौल बहुधा अनेकवचनीच वापरतो. ३:१६ मध्ये तो 'तुम्ही' देवाचे मंदिर आहा असे सांगतो, तेथील 'तुम्ही' आदरार्थी नव्हे. मूळ ग्रीक भाषेत ते अनेकवचन आहे. सर्व मिळून एक मंदिर! एकेकाच्या देहाच्या शुद्धतेविषयी तो सहाव्या अध्यायात बोलतोच. पण मंडळीची गोष्ट आधी येते.

अकराव्या अध्यायात तर तो थेट पंक्तीकडे वळतो. प्रभुभोजनासाठी जमल्यावर काही जण आपले जेवण आधीच उरकून घेत. एक भुकेला राही, दुसरा पिऊन धुंद होई. आणि ज्यांच्यापाशी काही नव्हते, त्यांना मान खाली घालावी लागे. यावर पौलाचा उपाय अगदी साधा आहे : एकमेकांसाठी थांबा.

हे लिहिताना आम्हांला आमच्याच मंडळीतील प्रसंग आठवतो. उपकारस्तुतीच्या सणाला प्रीतिभोजन होते. वाडीवरची चार कुटुंबे एस.टी. चुकल्यामुळे उशिरा पोहोचली. तोवर आमच्या पंक्ती उठल्या होत्या. त्यांना थंड भात आणि तळाची आमटी मिळाली. कोणी तक्रार केली नाही. त्याच सकाळी आम्ही सर्वांनी एका भाकरीतून खाल्ले होते! पुढे त्यांतील दोन कुटुंबे उपासनेस येईनाशी झाली, तेव्हा आमचे डोळे उघडले. आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. एक कुटुंब परतले; दुसरे अजून आलेले नाही. आता शेवटचा माणूस येईपर्यंत आम्ही पाने मांडीत नाही. मुले कुरकुरतात, मोठेही कुरकुरतात, पण थांबतात.

प्रियजनहो, पवित्र आत्मा आपल्याला वचनाने व प्रार्थनेने घडवितो, तसाच शेजारच्या बाकावरील भावाच्या द्वारेही घडवितो. ज्याची वाट पाहणे आपल्या जिवावर येते, कदाचित त्याच्याच हाती आजचा आपला धडा असेल.

वर्गात विचारासाठी : (१) करिंथकरांत इतके दोष असूनही पौल त्यांना पवित्र का म्हणतो? (२) आपल्या मंडळीत कोण नेहमी मागे राहतो? (३) या आठवड्यात आपण कोणासाठी थांबणार?