मिस्सेत गायचे कोणी?



नाताळची तयारी सुरू झाली की आपल्या धर्मग्रामात एक वाद हमखास निघतो. तरुणांना चार आवाजांत बसवलेली गाणी हवी असतात, ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "फादर, ही विलायती गाणी आम्हाला म्हणताच येत नाहीत. भजन ठेवा." आम्ही दोघांनाही नाराज केलेले आहे. म्हणून यंदा आधी ह्या 'विलायती' संगीताचा थोडा अभ्यास करू.

ते वाढले ख्रिस्तसभेच्याच अंगणात. आरंभीच्या शतकांत उपासनेत वाद्ये नव्हती. एकाने स्तोत्र म्हणायचे, सर्वांनी ध्रुपद उचलायचे. शेगावकरांना हे वेगळे सांगायला नको. कीर्तनात टाळकरी तेच करतात. पुढे मठांतून एकाच सुरावटीचे लॅटिन ग्रेगरियन गायन रुजले. ते सारे पाठांतरावर चाले. अकराव्या शतकात इटलीतील आरेझ्झोच्या ग्वीदो नावाच्या मठवासीयाने रेघांवर सूर लिहिण्याची पद्धत बसवली. संत योहान बाप्तिस्ताच्या एका स्तोत्रातील ओळींची पहिली अक्षरे घेऊन त्याने सुरांना नावे दिली: ऊत, रे, मी, फा, सोल, ला. 'ऊत'चे पुढे 'डो' झाले. आपल्या सारेगमचे हे चुलत भावंडच म्हणा ना!

सूर लिहिता आल्यावर एका चालीवर दुसरी, तिसरी रचता येऊ लागली. १२०० च्या सुमारास पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरात पेरोतँच्या चार आवाजांच्या रचना घुमत होत्या. आपल्याकडे गवई एकच राग उलगडत खोल जातो. तिकडे अनेक चाली एकाच वेळी विणल्या गेल्या. वैभव मोठे, पण शब्द हरवले आणि भाविक नुसते श्रोते झाले. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेलाही ह्या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. पालेस्त्रीनाने तेव्हा चर्चसंगीत वाचवले ही दंतकथा आहे. मात्र अनेक आवाजांतही शब्द स्पष्ट ठेवता येतात हे त्याने दाखवले. लोकांच्या भाषेतले, लोकांनी गायचे गाणे मात्र लूथरच्या अनुयायांनी आपल्याआधी जपले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. बाखच्या संगीताचा पाया तेच गाणे आहे.

मोझार्ट, बेथोवन यांच्या काळापर्यंत मिस्साही मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिल्या जाऊ लागल्या. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी ग्रेगरियन गायनाकडे परतण्याचा आणि भाविकांनी त्यात भाग घेण्याचा आग्रह धरला. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ग्रेगरियन गायनाचा मान राखून प्रत्येक देशाच्या स्वतःच्या संगीताला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे सांगितले.

आपल्या देशात हे संगीत गोव्याच्या चर्चशाळांतून रुजले. तेथे मुले प्रार्थनेबरोबर सूर वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) त्याच मातीतले. मुंबईत त्यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले, १९५८ मध्ये भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभारला. 'अमर अकबर अँथनी'तील (१९७७) त्या गाण्यात शिष्याने गुरूचेच नाव गुंफले आहे; आपण मात्र त्यावर नुसते नाचतो!

आणि ज्येष्ठांची लाडकी पेटी? तीही विलायतीच. पॅरिसच्या दबेंने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. पायाने चालणाऱ्या त्या वाद्याला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवता येईल असे रूप दिले. परकी म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके तिला दूर ठेवले. कीर्तनकारांनी कधी ठेवले नाही.

तेव्हा गाणे कुठून आले यावर आम्ही निकाल देणार नाही. बाकांवरच्या माणसांना ते म्हणता येते का, एवढेच पाहू. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत चार आवाजांचे एक गाणे अर्पणाच्या वेळी गायकवृंद म्हणेल. प्रवेशगीत, प्रतिसाद स्तोत्र आणि शेवटचे भजन सर्वांचे. चाली शिकण्यासाठी पुढील तीन रविवारी मिस्सेपूर्वी पंधरा मिनिटे आधी यावे. पेटी आम्ही मांडून ठेवू.

तुमचे धर्मगुरू