ताणणारें कापड आणि कागदी नमुना

मराठी भाषेंत ‘विणणें’ हें एकच क्रियापद दोन अगदीं भिन्न क्रियांस लावण्याची वहिवाट आहे. कोष्टी मागावर लुगडें विणतो आणि आजी दोन सुयांवर नातवाचा लोकरी सदरा विणते. शब्द एक, परंतु वस्त्रें दोन जातींचीं. मागावरील कापडांत उभे धागे ताणून बसविलेले असतात व आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. असें कापड उभें ओढा कीं आडवें, तें फारसें वाढत नाहीं. सुयांवरील विणकामांत मात्र एकच धागा फांसाफांसांनीं स्वतःमध्येंच गुंतत जातो. ओढलें म्हणजे फांस रुंदावतो, सोडलें म्हणजे पुन्हा आवळतो. इंग्लंडांतील विल्यम ली नांवाच्या पाद्र्यानें १५८९ सालीं असे फांस घालणारें यंत्र सिद्ध केलें. आज बनियन, मोजे व मुलींचे ‘टॉप’ ज्या होजिअरीचे होतात, ती त्याच यंत्राच्या वंशजांवर तयार होते.

नागपूर हें पूर्वीपासून मागाच्या कापडाचें शहर. कोष्ट्यांचीं रेशीमकांठी लुगडीं येथलीं, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली तीही येथेंच. ती गिरणी आतां बंद आहे. पण गांधीबाग-इतवारीचा कापडबाजार चालूच आहे, व तेथें सुती छीट आणि होजिअरी हीं दोन्ही मिळतात. घरीं शिवणाऱ्या आयांचा व मुलींचा घोटाळा होतो तो यामुळेंच. छिटाच्या पोलक्याचा जुना कागदी नमुना घरांत असतो. तोच होजिअरीवर ठेवून कातर चालविली जाते. मग खांदे दंडावर उतरतात, गळा पसरतो, कांखेखालीं झोळ पडतो. ‘ताणतें, म्हणजे कोणासही बसेल’ हें दुकानांत ऐकूं येणारें वाक्य आम्हांस मुळींच पटत नाहीं. कापड अंगाबरोबर ताणलें जातें. पण जास्तीचें कापड आपण होऊन नाहींसें होत नाहीं.

याहून वाईट गोष्ट ही कीं, असा कपडा अंगावर चढवून मुलगी आरशापुढें उभी राहते आणि दोष आपल्या शरीरास देते. ठराविक मापांच्या श्रेणींत कागदी नमुने विकण्याची चाल अमेरिकेंतील एबेनेझर बटरिक या शिंप्यानें १८६३ सालीं पाडली. विकतचा नमुना कोणा एका कल्पित सरासरी देहासाठीं आंखलेला असतो, व तो देह बहुधा आपल्या घरांत राहत नाहीं. तेव्हां दुरुस्ती करावयाची ती कागदाची.

प्रथम कापड धुवून वाळवावें. कोऱ्या कापडाचें ठिगळ जुन्या वस्त्रास लावूं नये हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. कोरें कापड आटतें, ही गृहिणींची साधी माहिती त्याच्या मुळाशीं आहे. सुती होजिअरी तर पुष्कळच आटते.

नंतर, अंगाचें माप घेतों तसें कापडाचेंही माप घ्यावें. कापडाच्या कांठापासून दूर, आडव्या दिशेनें १० सेंटिमीटरांवर दोन टांचण्या टोंचाव्या आणि मोजपट्टीवर धरून कापड बेताचें ओढावें. फांस विव्हळेपर्यंत ओढूं नये. टांचण्यांमधील अंतर १३ सेंटिमीटर झालें, तर कापड शेंकडा ३० ताणतें असें समजावें. सोडल्यावर अंतर पुन्हा १० वर आलें पाहिजे. तें ११ वरच थांबलें, तर त्या कापडाचा टॉप चार धुण्यांत ढिला पडेल. तो अंगाबरोबर न बेतलेला बरा.

आतां हिशेब. मुलीची छाती ८० सेंटिमीटर आहे व छिटाचा नमुना ९० च्या घेराचा आहे असें धरूं. ते जास्तीचे १० सेंटिमीटर श्वास घेण्यास व हात हालविण्यास ठेवलेले असतात, कारण छीट स्वतः हालत नाहीं. शेंकडा ३० ताणणारें कापड स्वतःच हालतें, म्हणून त्याचा तयार घेर ७८ ठेवला तरी चालतो. म्हणजे एकंदर १२ सेंटिमीटर कमी करावयाचे. येथें पुष्कळजणी चुकतात. कागदावर पुढचा अर्धा व मागचा अर्धा भाग असतो, म्हणजे प्रत्येक कागद घेराचा चौथा हिस्सा होय. यास्तव प्रत्येकाच्या बाजूकडून ३ सेंटिमीटरच कापावे, १२ नव्हेत. शिवणीची माया या मापांत धरलेली नाहीं. ती निराळी ठेवावी.

मुंढा एक सेंटिमीटर वर घ्यावा, नाहींतर हात उचलतांना सगळा टॉप वर चढतो. बाहीही त्याच प्रमाणांत अरुंद करावी. छिटाच्या बाहीचा वरचा गोल भाग मुंढ्यापेक्षां थोडा लांब ठेवून चुणून बसवितात. होजिअरींत तो मुंढ्याच्या लांबीइतकाच असावा.

टक्स हा सर्वांत नाजूक भाग. ताणणाऱ्या कापडास तो बहुधा लागत नाहीं, म्हणून कित्येकजणी तो केवळ शिवावयाचा सोडून देतात. तसें केल्यास पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षां लांब राहते व शिवण जुळत नाहीं. खालच्या कडेपासून टक्साच्या टोकापर्यंत कागद उभा चिरावा आणि टक्स मिटवून चिकटपट्टी लावावी. कागद खालीं उघडून घेर वाढेल. तितका घेर बाजूच्या शिवणींत कमी करावा. एकदां हें करून पाहिलें कीं, भूमितीच्या तासाला शिकलेला कोन कशास उपयोगी पडतो हेंही मुलींस समजेल.

कापड आडवें ताणलें म्हणजे उंचींत आंखडतें, यासाठीं उंची २-३ सेंटिमीटर जास्त ठेवावी. याउलट खांद्याच्या शिवणीवर सबंध कपड्याचें वजन येतें; तींत न ताणणारी अरुंद सुती फीत घालावी, म्हणजे खांदा लोंबत नाहीं.

गळ्यास बटण नसेल तर डोकें आंत गेलें पाहिजे, हें सांगण्याची वस्तुतः गरज नसावी. तरी कपडा तयार झाल्यावर रडकुंडीस आलेलीं धाकटीं भावंडें आम्हीं पाहिलीं आहेत. डोक्याचा घेर ५४ व गळ्याची कड ५० सेंटिमीटर असेल, तर गळपट्टी ४३ ची घ्यावी व ती किंचित् ताणून गळ्यास जोडावी. तीस टक्के ताणल्यावर ती सुमारें ५६ होते. डोकें सुखानें जातें, आणि पट्टी पुन्हा मानेशीं चपखल बसते.

शिवतांना गोल टोंकाची सुई वापरावी. टोंकदार सुई फांसाचा धागा तोडते आणि मग मोज्याप्रमाणें शिडी उसवत जाते. यंत्रावर अरुंद नागमोडी टीप घालावी. सरळ टीप कापडाबरोबर ताणत नाहीं व तटकन् तुटते. घरांतील जुन्या यंत्रास सरळ टीपच येत असेल, तर बाजूच्या शिवणी हातानें उलटटिपेनें, दोरा सैल ठेवून घालाव्या. वेळ लागतो, परंतु शिवण टिकते.

खालची दुमड मात्र त्याच दिवशीं घालूं नये. टॉप रात्रभर खुंटीवर टांगून ठेवावा. सकाळीं कापड जेथें जेथें उतरलें असेल तें मोजपट्टीनें सारखें करून घ्यावें, आणि मग दुमडावें.