आश्रयगृह कशावर उभे राहते?

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सैनिक येतो. त्या युद्धाने उघड्यावर आणलेली बाई आणि तिची मुलगी सहसा येत नाही. काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यात दर्दपोरा नावाचे गाव आहे. १९९० नंतरच्या हिंसाचारात तेथील इतके पुरुष मारले गेले, की 'विधवांचे गाव' म्हणूनच त्याची ओळख झाली. याच खोऱ्यात 'अर्धविधवा' हा शब्द रूढ झाला. जिचा नवरा बेपत्ता आहे, पण तो मेला असे कोणी लिहून देत नाही, ती अर्धविधवा. तिला ना सासरच्या मालमत्तेत धड वाटा, ना पुन्हा संसार मांडण्याची मोकळीक. चार वर्षे वाट पाहिल्यावर तिला दुसरे लग्न करता येईल, असा निर्णय तेथील धर्मपंडितांनी दिला तो डिसेंबर २०१३ मध्ये. तोवर कित्येकींची तरणी वर्षे दाराकडे डोळे लावण्यात निघून गेली होती.

या प्रदेशात मुलींसाठी मराठी माणसांनी घर उघडले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. मूळचे नगरकडचे व शिक्षणासाठी पुण्यास आलेले अधिक कदम १९९७ साली विद्यार्थिदशेतच काश्मीरला गेले. कारगिल युद्धानंतर विस्थापितांच्या छावण्यांत त्यांनी काम केले. अनाथ मुलग्यांसाठी आश्रम होते. मुलींची तशी सोय फारशी नव्हती. २००२ मध्ये भारती ममाणी यांच्यासह त्यांनी 'बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन' ही संस्था काढली व कुपवाड्यात 'बसेरा-ए-तबस्सुम', म्हणजे हास्याचे घर, सुरू केले. पुढे अशी घरे बडगाम, अनंतनाग व जम्मू येथेही झाली.

घर बांधणे हा यातला सोपा भाग म्हणावा लागेल. परमुलखातला हिंदू तरुण मुसलमान मुली सांभाळतो, तेव्हा त्याचा हेतू काय, असे गावाने विचारणे स्वाभाविकच होते. अतिरेक्यांनी आपल्याला अनेकदा उचलून नेले, हे कदम यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. यावर उपाय एकच होता. मुलींचा धर्म, भाषा, खाणेपिणे जसेच्या तसे ठेवायचे आणि गावाच्या डोळ्यांदेखत राहायचे.

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, सदन मात्र धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरलेले. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तसा गवगवा झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. चूक कोणाची, यावर आजही वाद घालता येईल. (आमच्या वर्गात तो झालाही!) मला एवढेच दिसते की, काढून नेलेल्या मुलींना कोणी विचारले नाही. भांडण मोठ्यांचे होते, आसरा त्यांचा गेला.

तरीही सदन बंद पडले नाही. १८८७ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती. गावोगावी तिची मंडळे होती आणि सभासदांनी दहा वर्षे दरसाल ठराविक वर्गणी देण्याचे कबूल केले होते. वर्षाचा अहवाल छापला जाई, खर्चाचा हिशेब दिला जाई. पुण्यात माणसे पाठ फिरवीत असताना ही वर्गणी येत राहिली. एखाद्या धनिकाच्या लहरीवर सदन असते, तर त्याच साली दिवे मालवले असते.

आपली मदत बहुधा याच्या उलट असते. कोठे आपत्ती आली की आपण जुने कपडे गोळा करतो, फोटो काढतो आणि पुढच्या महिन्यात विसरून जातो. आश्रयगृहात मात्र मूल रोज जेवते, दर जूनमध्ये वह्या मागते, रात्री दचकून उठते. तेथे राहणाऱ्या ताईला पगार लागतो, थंडीत जळण लागते. या खर्चाला एकदाचे ट्रकभर सामान पुरत नाही.

नेमाने थोडे देणे आपल्याला जमणार नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. आमच्या मुकुंदवाडीत धुणीभांडी करणाऱ्या बायासुद्धा महिन्याची भिशी चुकवीत नाहीत. वेळप्रसंगी उसने काढतील, पण ठरल्या दिवशी पैसे मांडतील. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाने दरमहा दहा रुपये काढले तर वर्षाचे ७,२०० रुपये होतात. रक्कम किरकोळ आहे, हे मान्य. पण ती तीन वर्षे, म्हणजे आपली बी. ए. होईपर्यंत, खंड न पडता जाऊ शकते, आणि आपण गेल्यावर पुढचा वर्ग ती चालवू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा आराखडा ठरवताना प्राध्यापकांनी हा विषय मांडावा. पैसे काश्मीरला पाठवायचे की आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या महिला आधारगृहाला, ते विद्यार्थ्यांनी बसून ठरवावे. आणि कोणालाही दिले तरी वर्षअखेरीस हिशेब मागावा.