बाळगोपाळांचे भजनशिक्षण : मुलाचा स्वभाव आणि घरची साथ



गावोगावच्या विठ्ठलमंदिरांत संध्याकाळी हरिपाठाला उभी राहिलेली मुले पाहिली की मन प्रसन्न होते. परंतु त्याच मुलांकडे जरा बारकाईने पाहावे. ओळीत पुढे असतात ती बहुधा ज्यांच्या घरी आज्या-पणज्यापासून गळ्यात माळ आहे त्यांची मुले. त्यांच्या मागे हौशी. आणि बाहेर देवळाच्या पायरीवर दोन-चार मुले नुसती बसलेली असतात. बोलावले तर पळतात. न बोलावले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पायरीवर हजर. पुढच्या ओळीतल्या मुलांना शिकविण्यात शिक्षकाचे फारसे कर्तृत्व नाही. निम्मे काम घराने केलेलेच असते. खरा प्रश्न पायरीवरच्या मुलांचा आहे, आणि या लेखात विचार करावयाचा तो त्यांनाच पुढे ठेवून.

आपल्या संप्रदायात अधिकारभेद मानला आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, अज्ञ माणसाचा बुद्धिभेद करू नये असे सांगणारा २६ वा श्लोक आहे. त्या प्रसंगी माउलींनी तान्ह्या बाळाचा दृष्टांत योजला आहे. जे लेकरू आईचे दूधसुद्धा सायासाने पिते, त्याला पक्वान्न वाढून कसे चालेल, असा त्याचा भाव. भजन शिकविणाऱ्याने हा दृष्टांत रोज आठवावा. पण आठवताना तो पुरता आठवावा. आपल्यात पुष्कळ वेळा “या पोराचा अधिकार नाही, याचा गळाच नाही” असे म्हणून मुलाला बाजूला बसवितात आणि वर अधिकारभेदाचा आधार देतात. माउलींच्या दृष्टांतात पक्वान्न नको म्हटले आहे, बाळाला उपाशी ठेवा असे म्हटलेले नाही. ज्याला पक्वान्न पचत नाही त्याला दूध द्यावयाचे असते. म्हणून भजनातले दूध कोणते, हे शिक्षकाने प्रथम ठरविले पाहिजे.

माझ्या मते ते दूध म्हणजे हातटाळी आणि पावली. टाळ नंतर, मृदंग त्यानंतर, आणि पेटी सर्वांत शेवटी. अलीकडे उलटे होते. मूल आले की त्याला पेटीपुढे बसवितात आणि सारेगम काढावयास लावतात. पेटी ही आपल्या भजनात मागाहून आलेली. वीणा, टाळ आणि मृदंग हे आपले मूळचे. पेटीवर माझा राग नाही, परंतु ज्याचा कान अजून उघडला नाही ते मूल पेटीच्या आवाजाला टेकून गाऊ लागते आणि पेटी थांबली की थांबते. शिवाय एका पेटीपुढे एकच मूल बसते, बाकीची दहा तोंडाकडे पाहतात. टाळी मात्र सगळ्यांपाशी आहे. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा मुलांकडून तोंडाने मोजून घ्याव्यात, टाळीने दाखवून घ्याव्यात आणि मग पायांत उतरवाव्यात. पुष्कळ मुलांचा हात बेताल असतो पण पाय बेताल नसतो. ज्याच्या हाताला आठ दिवस ठेका सापडत नव्हता असा मुलगा पावली टाकायला उभा केला की दोन संध्याकाळीं चालीला लागतो, हे मी एकदा नव्हे पुष्कळदा पाहिले आहे. पाय पुढे, पाय मागे, शेजाऱ्याच्या खांद्याचा अंदाज. त्यात त्याला आपण शिकतो आहोत याची आठवणच राहत नाही. त्यातूनही जमले नाही तर हाती पताका द्यावी. पताका घेऊन दिंडीपुढे चालणाऱ्याला कोणी बेताल म्हणत नाही, आणि चालता चालता मृदंग त्याच्या पाठीमागून आपले काम करीतच असतो.

टाळ हाती देताना मुलाची मूठ पाहून द्यावा. मोठ्या माणसाचा जड टाळ आठ वर्षांच्या मुलाला दिला तर त्याचे मनगट दुखते आणि दोष भजनाला लागतो. दोरी बोटांना नीट गुंडाळून, डावा टाळ स्थिर ठेवून, उजवा हलकेच टेकवून लगेच सोडावयास शिकवावे. टाळ टाळावर दाबून धरला की नाद कोंडतो. हे सांगण्यापेक्षा दोन्ही आवाज ऐकवावे आणि “यातला कोणता आवडला?” असे विचारावे. मूल बरोबर उत्तर देते.

मृदंग शिकावयाचा तर घरी मृदंग हवा, ही समजूत गरीब घरांना देवळापासून दूर ठेवणारी आहे. पहिले सहा महिने वाद्याची गरजच नाही. ता, दिं, थुं, ना हे बोल तोंडाने म्हणावे, मांडीवर वाजवावे. पुढे धुमाला कणीक किती लावावी, गठ्ठे ठोकून सूर कसा मिळवावा, हे देवळातल्या मृदंगावर सर्वांच्या देखत शिकवावे. कणीक मळण्याचे काम ज्या मुलाचा हात अजून बसलेला नाही त्याच्याकडे द्यावे. मृदंगाशी त्याची ओळख अशीच होते.

चालीचे म्हणाल तर मुलांना अभंगाचा बांधा बोटांवर मोजावयास लावावा. मोठ्या अभंगात एका कडव्याची अक्षरे बहुधा सहा, सहा, सहा आणि चार, मिळून २२. लहान अभंगात आठ आणि आठ. हरिपाठ मोठ्या अभंगाच्या बांधणीचा. मुलाने २२ अक्षरे बोटांवर मोजली की श्वास कोठे घ्यावयाचा, कोठे शेजारच्या ओळीने उचलावयाचे, हे त्याला आपोआप कळते. एखाद्या ठिकाणी अक्षर कमी-जास्त निघाले तर ते मूल धावत सांगावयास येते. ज्याला गाण्याची आवड नाही पण हिशेबाची आहे, असे मूल या वाटेने भजनात आलेले आहे. लाजाळू मुलाला एकट्याला म्हणावयास कधी लावू नये. दोन चांगल्या टाळकऱ्यांच्या मध्ये उभे करावे आणि वर्षभर काही विचारू नये. दांडगोबा असेल त्याच्याकडे टाळ वाटण्याचे आणि मोजून परत ठेवण्याचे काम द्यावे. ते एकदा त्याच्याकडे गेले की टाळांची जोडी हरवत नाही.

मुलाच्या स्वभावाचे एवढे पुरे. अवघड आहे ते घर.

काही घरांत विरोध उघड असतो. बाप येतो आणि म्हणतो, “बुवा, पोरगं दहावीत नापास झालं तर तुमचं भजन त्याला भाकरी घालणार हाय का?” येथे पुष्कळ शिक्षक परमार्थाचे महत्त्व सांगू लागतात आणि वाद वाढवितात. वाद करू नये. “भाकरी तुम्हीच घाला, अण्णा. मला फक्त दिवेलागणीचा अर्धा तास द्या. अर्धा तास झाला की पोरगं तुमच्या दारात.” एवढे म्हणावे, आणि खरोखरच घड्याळ पाहून मूल घरी पाठवावे. बापाला भीती असते ती भजनाची नव्हे, वेळ हाताबाहेर जाण्याची. तुम्ही वेळ पाळली की त्याचा अर्धा विरोध मावळतो. परीक्षेच्या महिन्यात आपणच होऊन “आता पंधरा दिवस येऊ नकोस” असे सांगितले तर उरलेलाही मावळतो.

ही तक्रार आजची नाही. नामदेवरायांची गाथा उघडून पाहावी. गोणाईने लेकाच्या विठ्ठलवेडाबद्दल केलेला आकांत तेथे अभंगांतून आलेला आहे. दामाशेटींचा धंदा शिंप्याचा, घरात खाणारी तोंडे पुष्कळ, आणि मुलगा राऊळात. त्या माउलीचे काय चुकले? संप्रदायाने तिचे बोल गाळून टाकले नाहीत, जपून ठेवले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या संप्रदायाच्या गाथेत विरोध करणाऱ्या आईला जागा आहे, त्याच्या शिक्षकाने विरोध करणाऱ्या बापाला “नास्तिक” म्हणू नये.

मुलींच्या बाबतीत विरोध निराळ्या रूपाने येतो. दहा-अकरा वर्षांपर्यंत कोणी काही म्हणत नाही, पुढे आई एक दिवस सांगते, “आता ती येणार नाही.” मुलीला दोष नाही, आईलाही नाही, अंधारातून परत येण्याची काळजी असते. यावर उपदेशाचा उपयोग नाही, वेळ बदलावी. मुलींचा वर्ग दिवसा भरवावा आणि त्यांच्या आयांनाही टाळ द्यावेत. आज कितीतरी मुली उत्तम मृदंग वाजवितात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई यांची वाणी रोज मुखाने म्हणावयाची आणि मुलीच्या हातचा टाळ काढून घ्यावयाचा, हे काही जुळत नाही.

आता विरोधापेक्षाही अवघड घर सांगतो. ते अति उत्साही घर. मुलाला चार अभंग पाठ झाले की फेटा बांधून त्याला कीर्तनाला उभे करण्याची घाई. आठ वर्षांचे लेकरू मोठ्या माणसाच्या पट्टीत ओरडते, बाप मोबाईलवर चित्रण घेतो, लोक टाळ्या वाजवितात. कोणी शंका घेईल की, लहानपणीच ज्ञान प्रगट होणे ही आपल्या परंपरेत नवलाची गोष्ट आहे काय? समाधान असे : माउलींना कोणी फेटा बांधून उभे केले नव्हते, गावाने तर वाळीत टाकले होते. त्यांचा दाखला बापाच्या हौसेला लागू पडत नाही. आणि व्यवहाराची गोष्ट म्हणजे कोवळा गळा ओढून ताणून वर नेला तर तो बसतो. बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. तेव्हा कालपर्यंत गाजलेले मूल एकाएकी गप्प होते, आणि ज्या घराने त्याच्या आवाजावरच सगळे प्रेम केले ते घर कष्टी होते. मुलाला वाटते, आपले काहीतरी संपले. अशा वेळी त्याला मृदंगाकडे किंवा टाळाकडे वळवावे, खालच्या पट्टीत हळू म्हणू द्यावे आणि बापाला स्पष्ट सांगावे की वर्ष-दोन वर्षे याला पुढे करू नका. बाप रुसेल. रुसू द्यावे.

वै. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून शिकण्याची एक शिस्त लागली. तेथे जाणारे मूल आपला निश्चय करून जाते. गावच्या देवळात येणाऱ्या मुलाने मात्र कसलाच निश्चय केलेला नसतो. ते नुसते आलेले असते. त्या दोघांना एकच माप लावू नये.

शेवटी ज्यांच्या घराचा आधार नसतो, पण विरोधही नसतो, त्यांचे. घरच जागेवर नसते. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात, ती फाल्गुन-चैत्रात परततात. कित्येक मुले आईबापांबरोबर खोपीत राहतात, कित्येक आजीपाशी मागे राहतात. आपण मुलांच्या हरिपाठाचा आरंभ बहुधा कार्तिकी एकादशीला करतो, म्हणजे आषाढीपर्यंत तो पुरा व्हावा. हिशेब चांगला आहे, पण ज्यांची घरे बसती आहेत त्यांचाच तो हिशेब आहे. ऊसतोड्याचे मूल चैत्रात येते तेव्हा बाकीची मुले पंधरा-वीस अभंग पुढे गेलेली असतात. ते पायरीवर बसते. त्याला आवड नाही असे आपण म्हणतो. पायरीवरच्या मुलांची चौकशी करा. त्यांत असे एखादे तरी निघेल.

यावर उपाय अवघड नाही. ज्या गावांतून टोळ्या जातात तेथे हरिपाठाचा आरंभ गुढी पाडव्याला करावा. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत सहा महिने नऊ तिथी, म्हणजे सुमारे २७ आठवडे होतात. समाप्तीचा धरून हरिपाठाचे अभंग २८. आठवड्याला एक, आणि शेवटच्या दोन अभंगांचा एक आठवडा केला की ते मूल अख्खा हरिपाठ मुखात घेऊन बाहेर पडते. अधिक मास आला तर उजळणीला महिना मिळतो. त्याच्याजवळ वाद्य देऊ नये, उसाच्या फडात ते हरवेल आणि मूल धास्तावेल. हातटाळी पुरे आहे. जाण्यापूर्वी त्याच्या आईला एकदा देवळात बोलवावे आणि तिच्यासमोर मुलाकडून म्हणून घ्यावे. ती दिवसभर कोयता चालविणार आहे, शिकविणार नाही. पण भाकरी थापताना “म्हण की रं कालचं” एवढे म्हणेल. जनाबाईंना तरी कोणती शाळा होती? गंगाखेडची पोर दामाशेटींच्या घरी कामाला राहिली आणि दळता-कांडता तिला जे ऐकू आले त्यावर ती उभी राहिली.

जी मुले आजीपाशी राहतात त्यांना कार्तिकानंतरही रोज संध्याकाळी आणावे, आजीसकट. आजीला बसावयास घोंगडी द्यावी.

आणि टोळ्या परतल्या की पहिल्याच एकादशीला त्या मुलांना पुढच्या ओळीत उभे करून ऐकावे. काही विसरली असतील, काहींनी खोपीतल्या दुसऱ्या गावच्या मुलांकडून एखादी निराळी चाल उचलून आणलेली असेल. ती चाल हसून टाकून देऊ नये, सर्वांकडून एकदा म्हणवून घ्यावी. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि आळंदीहून अष्टमीला पालख्या निघतात. तोवर अडीच महिने हाताशी असतात. तेवढ्यात टाळांच्या जुन्या दोऱ्या बदलून घ्याव्या आणि कोणाच्या मुठीला कोणता टाळ बसतो ते पुन्हा एकदा पाहून घ्यावे, कारण सहा महिन्यांत मुलांचे हात वाढलेले असतात.